निरीक्षण क्रमांक तीन

दहा मिनिटं. एक मूल.
जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते नको,
असं कागदावर छापलंय.
कागद माझ्या मांडीवर,
मी चार वर्षांच्या बुडासाठी केलेल्या खुर्चीत,
गुडघे हनुवटीशी.
वय त्रेचाळीस. पहिलं वर्ष, दुसरं सत्र.

एकवीस वर्षं मी कत्तलखान्यात सुरी चालवली,
दक्षिण बेटाच्या पार टोकाला,
जिथून पुढे फक्त समुद्र आणि मग बर्फ.
मिनिटाला सात मेंढ्या चेनवरून उलट्या लटकत यायच्या.
खांदा कुठे सुटतो ते डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
मग एका सोमवारी फाटकाला कुलूप.
थोरली म्हणाली, आई, तू शीक.
मी म्हटलं, काय?
ती म्हणाली, काहीही.

आता कोटाची चेन अडकली की पोरं माझ्याकडे येतात.
माझं नाव नायरी आहे हे कुणाच्या लक्षात नाही.
चेनवाली म्हणतात.

शनिवारी पबमध्ये जुना फोरमन भेटला.
ढुंगणं पुसायला आता पदवी लागते होय गं?
सगळे हसले. मीही हसले.
उत्तर सुचलं ते रविवारी, कपडे वाळत घालताना:
मेंढीतला खांदा सापडायला
तुला सहा महिने लागले होते, डेरिक.
आणि मेंढी तर हलतही नव्हती.

पहिलं निरीक्षण फेतूईबाईंनी परत दिलं.
मी लिहिलं होतं, इहाकाने काहीच केलं नाही.
समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
काहीच म्हणजे काय काय?

तो प्रश्न रात्री भांडी घासताना
तव्याच्या कडेच्या चरबीसारखा निघेना.

दुसऱ्यात लिहिलं, बिचारा एकटाच खेळतो.
पुन्हा पेन्सिल:
बिचारा कुठे दिसला?

तर आज, डोळ्यांत तेल घालून, तिसरं.

९.४० इहाका, साडेतीन वर्षं. अंगणात. वारा दक्षिणेचा.
अनवाणी. गमबूट हातात, एक लाल, एक पिवळा.
(पिवळा त्याचा नाही. हे मला माहीत आहे,
दिसलेलं नाही. खोडते.)
९.४१ लाल बूट नळाखाली. भरतो.
९.४३ लालातलं पाणी पिवळ्यात.
थोडं बाहेर सांडतं. थांबतो.
सांडलेल्या पाण्याकडे बघतो.
९.४४ अजून बघतोय.
९.४५ अजून.
(माझा पाय झोपलाय. हेही खोडते.)
९.४६ भरलेल्या पिवळ्यात पाय घालतो.
पाणी काठावरून उसळून बाहेर.
पाय काढतो. वाकून आत डोकावतो.
पाणी खाली गेलेलं.
पुन्हा पाय. पुन्हा काढतो.
आता जरा कमीच सांडतं.
तोंडाने ‘ह’ असा आवाज.
तीन महिन्यांत मी त्याचा ऐकलेला पहिला.

कुठल्या पुस्तकात हे कुठल्या पानावर असेल
ते मी रात्री शोधीन,
आडनाव आधी, मग वर्ष, मग पूर्णविराम,
दोन बोटांनी टाइप करत.
संदर्भसूचीतला एक स्वल्पविराम चुकला
तरी अर्धा गुण जातो.
सुरी चुकली तर अंगठा जायचा,
त्यामानाने बरंय.

९.४८ इहाका माझ्याकडे येतो.
माझ्या अंगठ्यावरच्या व्रणाला बोट लावतो,
दाबून बघतो,
जसं आपण बटण दाबून बघतो.
काही होत नाही.
९.४९ माझ्या हातातली पेन्सिल घेतो,
बुटाशी जातो, आत टाकतो.

पुढचं लक्षात ठेवून घरी लिहिलंय, बाई,
गुण कापायचे तर कापा.
पेन्सिल बुडाली नाही.
तो वळला, मला दिसलं का ते बघायला.

मला दिसलं.